ज्या गाण्याने नाव झालं, त्यात तोच नाही : ग्रँडमास्टर फ्लॅश

तबकडीवाला | शनिवार, रात्री ११:५२

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर गणपतीत डीजे लावायचा की नाही यावरून जुंपली होती. मध्येच एकाने विचारलं, "किती फुटांचा आणायचा?" मी हसलो आणि मग जरा विचारात पडलो. आपल्याकडे डीजे फुटांत मोजतात. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डीजे. त्या भिंतीमागे कुणी माणूस असतो आणि त्याला हात असतात, हे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून ज्याने या हातांनाच वाद्य वाजवणाऱ्या हातांचा मान मिळवून दिला, त्याच्याविषयी लिहायला बसलोय.

नाव जोसेफ सॅडलर, पुढचा ग्रँडमास्टर फ्लॅश. जन्म १ जानेवारी १९५८, बार्बाडोसमधलं ब्रिजटाऊन. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये आलं. वडिलांकडे रेकॉर्डचा मोठा साठा होता आणि त्या कपाटाला हात लावायचा नाही अशी तंबी होती. पोरगं हात लावायचं आणि मार खायचं, पुन्हा लावायचं. दुसरी खोड म्हणजे विजेवर चालणारी घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघायची. बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर गेला, रेडिओ गेले. आई शिवणकाम करायची. तिने शेवटी त्याला सॅम्युएल गॉम्पर्स नावाच्या तांत्रिक शाळेत घातलं, आपल्याकडे अशा पोराला आयटीआयला घालतात तसंच. तिथे त्याला सर्किट वाचता येऊ लागलं. रस्त्यावर टाकून दिलेल्या गाड्यांचे स्पीकर, उकिरड्यावरचे अॅम्प्लिफायर असं काय काय उचलून आणून तो जोडायचा.

तेव्हाचं दक्षिण ब्रॉंक्स म्हणजे जळकं गाव होतं. मधून मोठा द्रुतगती रस्ता काढून वस्त्या चिरलेल्या, इमारतींचे मालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच आगी लावून घेणारे. पोरांना क्लबात जायला पैसे नव्हते. मग बागेत, शाळेच्या पटांगणात पार्ट्या व्हायच्या, आणि वीज कुठून यायची? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून. थोडक्यात आकडा टाकून! हे वाचल्यावर मला ही मंडळी एकदम जवळची वाटायला लागली.

या पार्ट्यांचा पहिला दादा म्हणजे कूल हर्क, जमैकातून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये त्याच्या बहिणीने पार्टी ठेवली होती, तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. हिप हॉपचा, म्हणजे डीजे आणि रॅपच्या या संगीताचा, वाढदिवस म्हणून आज तीच तारीख धरतात. नाचणारी पोरं गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट बघतात, हे हर्कच्या लक्षात आलं होतं. गाणारा गप्प होतो, बाकी वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम उरतात, ती जागा. तिला ब्रेक म्हणतात. ती असते जेमतेम काही सेकंदांची. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा लावायचा.

जोसेफने हे पाहिलं आणि त्याला दोन गोष्टी वाटल्या. एक, आवाज काय जबरदस्त आहे! दोन, हे तालात नाही. हर्क सुई अंदाजाने टाकायचा. कधी जरा आधी पडायची, कधी नंतर, आणि नाचणाऱ्यांचा पाय क्षणभर हवेत राहायचा. ज्या पोराने मार खाऊन रेडिओ उघडले, त्याला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

पुढचं उद्या. डोळे मिटायला लागलेत.

---

स्वरालीची आई | रविवार, सकाळी ७:१०

रुमाल टाकून ठेवते. रॅपमधलं ओ की ठो कळत नाही, पण मुलगी दिवसभर तेच ऐकते, तेव्हा वाचणं भाग आहे.

---

तिरकस | रविवार, सकाळी ९:०५

लेखन छान. पण एक शंका आहे, रागावू नका. दुसऱ्यांनी गायलेल्या, दुसऱ्यांनी वाजवलेल्या रेकॉर्ड लावणाऱ्याला 'कलाकार' म्हणायचं, तर आमच्या लग्नात कॅसेट लावणारा मांडववाला कोण होता? तानसेन?

---

तबकडीवाला | रविवार, दुपारी २:३०

तिरकसराव, तुमच्यासाठीच हा भाग सविस्तर लिहितो.

प्रश्न असा होता की ब्रेक संपला की त्याची सुरुवात पुन्हा हातात यायला हवी, तीही तालाची एक मात्राही न चुकता. सुई उचलून पुन्हा ठेवली की नेम चुकतो. मग सुई उचलायचीच नाही. रेकॉर्डच हाताने उलटी फिरवायची. म्हणजे बोटं थेट तबकडीवर ठेवायची! ज्यांच्या घरी रेकॉर्ड होत्या त्यांना आठवत असेल, कडेला धरून उचलायची आणि काळ्या भागाला बोट लावायचं नाही, हा धर्म होता. या पोराने पहिल्यांदा तो मोडला. बघणाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं.

पण रेकॉर्ड मागे नेमकी किती फिरवायची? त्याने मेणाच्या खडूने रेकॉर्डवर खूण केली, घड्याळाच्या काट्यासारखी. ब्रेक सुरू होतो तेव्हा खूण कुठे आहे आणि संपेपर्यंत किती वेढे होतात ते मोजायचं. तितके वेढे मागे घ्यायचे, की सुई बरोबर त्या जागी. याला तो 'क्लॉक थिअरी' म्हणायचा.

मग पुढची अडचण. टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर, रबराची चकती असते, ती रेकॉर्डला घट्ट धरून ठेवते. रेकॉर्ड हाताने अडवली तर खालची थाळीही अडते. त्याला हवं होतं ते वेगळंच. थाळी खाली फिरत राहिली पाहिजे, वर रेकॉर्ड थांबली पाहिजे, आणि सोडली की त्याच क्षणी पूर्ण वेगाने निघाली पाहिजे. त्याने कापडाच्या दुकानातून फेल्ट नावाचं जाड, मऊ कापड आणलं आणि रेकॉर्डच्या मापाचे गोल कापले. पण ते लुळं पडायचं. मग आईच्या शिवणकामाच्या सामानातली खळ मारून त्यावर इस्त्री फिरवली, तेव्हा ते कडक, पापडासारखं झालं. त्याने नाव ठेवलं 'वेफर'. आज डीजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात स्लिपमॅट मिळते. ती या खळीच्या कापडाची नात.

शेवटची अडचण ऐकण्याची होती. दुसऱ्या रेकॉर्डवर आपण नेमक्या जागी आलोय का, हे लोकांना न ऐकवता स्वतःला ऐकता यायला हवं. दोन टर्नटेबलांचा आवाज एकत्र करणाऱ्या त्याच्या मिक्सरमध्ये ती सोय नव्हती. गॉम्पर्स शाळा इथे कामी आली. दोन बाजूंना पडणारा साधा खटका, हेडफोनसाठी छोटा अॅम्प्लिफायर, आणि हे सगळं मिक्सरला डिंकाने चिकटवलेलं. त्याला त्याने 'पीक-अ-बू' म्हटलं, लहान पोरांचा 'भोऽऽक' असतो ना, तसं.

तर तिरकसराव, मांडववाल्याने हे केलं असेल तर तोही तानसेन!

---

रेडिओकाका | रविवार, संध्याकाळी ५:४५

वय ७१. तीस वर्षं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून बोलतो.

तबकडीवाले, तुमचं वेढ्यांचं गणित मांडून बघितलं. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. समजा ब्रेक ९ सेकंदांचा आहे, तर बरोबर ५ फेरे. एवढं सोपं आहे. पण हे ५ फेरे उलटे घ्यायचे ते पलीकडची रेकॉर्ड ९ सेकंद वाजते आहे तेवढ्यात. त्यातच हेडफोनमध्ये जागा पक्की करायची आणि तालावर सोडायची. मग लगेच पहिल्या रेकॉर्डकडे. दहा मिनिटं हे केलं तर साठहून जास्त वेळा. एकदा चुकलं की शेकडो माणसांसमोर फजिती. माझा तरी त्याला नमस्कार.

अजून एक. आपल्याकडच्या फिएस्टासारख्या प्लेयरवर हे जमणार नाही. तिथे मोटरचा जोर थाळीपर्यंत रबराच्या चाकातून जातो, थाळी हलकी, जोर नावालाच. हाताने अडवली तर बिचारी मोटर रडायला लागते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० च्या सुमारास टेक्निक्स या नावाखाली मोटरच्या आसावरच थाळी बसवलेले टर्नटेबल काढले. ना पट्टा, ना चाक. अडवून सोडली की पटकन वेग घेणार. १९७२ साली त्यांचं एसएल-१२०० आलं आणि १९७९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, वेग कमीजास्त करायच्या सरकत्या पट्टीसह. पुढे सगळे डीजे त्यावरच वाजवायला लागले. जपानी अभियंत्यांनी ते बनवलं होतं घरात शांतपणे संगीत ऐकणाऱ्यांसाठी, हे विशेष.

आमच्याकडे सुई उडू नये म्हणून गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावर पंचवीस पैशाचं नाणं चिकटवून आणायची. मी ओरडायचो, रेकॉर्ड खरवडते म्हणून.

---

स्वरालीची आई | रविवार, संध्याकाळी ६:२०

काका, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा हो!

---

अनामिका_७४ | रविवार, रात्री ८:१५

लेख आवडला, पण श्रेय वाटताना जरा हात सैल सोडावा असं वाटतं. हेडफोनमध्ये ऐकून रेकॉर्ड जुळवणं, हाताने अडवून ठेवून तालावर सोडणं हे न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत आधीपासून होतं. फ्रान्सिस ग्रासोचं नाव त्यात पहिलं घेतात. ब्रॉंक्समध्येही पीट डीजे जोन्स नावाचा वयाने मोठा माणूस डिस्को वाजवायचा, सलग आणि तालात. फ्लॅशने त्याला ऐकलं होतं आणि ते तो लपवत नाही. हर्कचा ब्रेक आणि जोन्सची सफाई यांची त्याने गाठ मारली.

आणि ज्या 'विकी-विकी' आवाजाला लोक डीजेची खूण समजतात, तो स्क्रॅच फ्लॅशचा नाहीच. फ्लॅशचा भागीदार होता मीन जीन लिव्हिंगस्टन. त्याचा धाकटा भाऊ थिओडोर घरी सराव करत होता, आई दारात येऊन आवाज कमी कर म्हणून ओरडायला लागली. त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि आईचं ऐकताना नकळत मागेपुढे केली. कानात आलेला आवाज त्याला आवडला. तो पुढे ग्रँड विझर्ड थिओडोर झाला. हिप हॉपच्या इतिहासात आयांचं ओरडणं आणि आयांची इस्त्री यांना एक प्रकरण द्यायला हवं.

---

तबकडीवाला | रविवार, रात्री ९:००

अनामिका, शंभर टक्के मान्य. थिओडोरचा उल्लेख मी पुढच्या भागात करणार होतो असं म्हणून वेळ मारून नेली असती, पण खरं सांगायचं तर राहून गेला.

आता मला ज्या गोष्टीसाठी धागा काढायचा होता तिथे येतो. महिनोन्‌महिने खोलीत कोंडून घेऊन सराव केल्यावर तो बागेत गेला आणि हे सगळं लोकांपुढे करून दाखवलं. लोक नाचतील, ओरडतील असं त्याला वाटलं होतं. लोक नाचले नाहीत. टक लावून नुसते बघत उभे राहिले, जादूचे प्रयोग बघतात तसे. पार्टीची सभा झाली. त्याने पुढे कितीदा तरी सांगितलंय की त्या दिवशी तो घरी जाऊन रडला.

मग त्याच्या लक्षात आलं की माझ्या हातांवरून लोकांची नजर उठवायला कुणीतरी बोलणारा हवा. मायक्रोफोन ठेवला. पहिला टिकला तो काउबॉय, म्हणजे कीथ विगिन्स. गर्दीला हात वर करायला लावणं, ओरडायला लावणं ही त्याची खासियत. 'हिप हॉप' हा शब्दही त्याच्याच तोंडून आला असं सांगतात. एक मित्र सैन्यात भरती होणार होता, त्याला चिडवायला काउबॉय कवायतीच्या ठेक्यात ते शब्द म्हणायचा. मग ग्लोव्हर भाऊ आले, मेली मेल आणि किड क्रिओल. त्यांनी नुसत्या आरोळ्यांच्या जागी यमक जुळवून कडवीच्या कडवी आणली, एकाने ओळ सोडली की दुसऱ्याने उचलायची. पुढे स्कॉर्पिओ आणि रहीम आले. झाले पाच. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह. पाच व्हायच्या आधीच, १९७६ मध्ये, ऑडुबॉन बॉलरूमसारख्या मोठ्या सभागृहात फ्लॅशने गर्दी खेचली होती. हे तेच सभागृह, जिथे १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याची हत्या झाली होती.

म्हणजे बघा, रॅप करणारे आले कशासाठी? डीजेच्या भोवतीची शांतता भरायला. नाव कुणाचं आधी? डीजेचं. आणि पुढे...

बायको हाक मारतेय. लॅपटॉप बंद.

---

मीठभाकर | रविवार, रात्री ९:२२

तबकडीवाले, तुमच्या बायकोला मालिका लिहायला सांगा. नेमक्या जागी ब्रेक घेते.

---

जर्सीकर | सोमवार, सकाळी ६:४०

इथे रात्र आहे. मी न्यूजर्सीत असतो आणि कामाला जाताना एंगलवूडवरून जातो, म्हणून तबकडीवाले परत येईपर्यंत मैदान सांभाळतो.

या गोष्टीचा पुढचा अंक न्यूयॉर्कमध्ये घडत नाही, नदीपलीकडे आमच्या जर्सीत घडतो. सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका. 'लव्ह इज स्ट्रेंज' हे पन्नाशीच्या दशकातलं तिचं गाजलेलं गाणं. ती आणि नवरा जो यांनी १९७९ मध्ये शुगर हिल रेकॉर्ड्स काढली, नाव हार्लेममधल्या वस्तीचं, पत्ता एंगलवूडचा. तिने तीन पोरं गोळा केली, त्यांचं शुगरहिल गँग नाव ठेवलं आणि 'रॅपर्स डिलाइट' हे चौदा मिनिटांहून लांब गाणं बाजारात आणलं. जगभर गाजलं. ब्रॉंक्सच्या लोकांना धक्का बसला, कारण ही तीन पोरं ब्रॉंक्समध्ये कुणालाच माहीत नव्हती. त्यातल्या एकाने तर आपली कडवी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉंक्सच्या गड्याच्या वहीतून घेतली होती, नावासकट. कॅझला श्रेय नाही.

आता मेख बघा. त्या गाण्यात टर्नटेबल नाही. मागे वाजतं ते शीक बँडच्या 'गुड टाइम्स'चं संगीत, आणि ते स्टुडिओत वादकांनी पुन्हा वाजवून घेतलंय. बागेत डीजे जे हाताने करायचा ते स्टुडिओत ड्रम, गिटार, बास वाजवणाऱ्यांनी केलं. डीजेची गरजच संपली. फ्यूरियस फाइव्हनी एंजॉय या छोट्या कंपनीत एक रेकॉर्ड करून पुढच्याच वर्षी शुगर हिल गाठलं, आणि तिथे फ्लॅशला काम काय? तो स्टुडिओत बसून वादकांना वाजवताना बघायचा.

तो स्टुडिओ २००२ मध्ये जळाला.

---

तिरकस | सोमवार, सकाळी १०:३०

आता मला त्याची कीव यायला लागली आहे. शाहिराने डफ वाजवायचा, झीलकऱ्यांना पुढे उभं करायचं आणि कंपनीने येऊन म्हणायचं, झीलकरी द्या, डफ आमचा आहे!

---

तबकडीवाला | सोमवार, रात्री १०:१०

जर्सीकर, आभार. तिरकसराव पाघळले, धागा सार्थकी लागला.

शुगर हिलच्या काळात फ्लॅशला एकदाच मैदान मिळालं. १९८१, 'द अॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'. सुमारे सात मिनिटं. शीक, ब्लॉंडी, क्वीन या बँडची गाणी, 'अपाची' या गाण्यातले ते प्रसिद्ध बाँगो, आणि त्यांच्याच कंपनीतली गाणी. हे सगळं तीन टर्नटेबलवर, हाताने, एका दमात. एक जोड चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बागेत काय चालायचं ते पहिल्यांदा रेकॉर्डवर उतरलं. मी ते कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवर ऐकलं तेव्हा टेप खराब झालीय असं वाटून दोनदा प्लेयरचं हेड पुसलं होतं.

गंमत म्हणजे त्याच रेकॉर्डमध्ये ब्लॉंडीचं 'रॅप्चर' आहे, ज्यात त्यांची गायिका डेबी हॅरी फ्लॅशचंच नाव घेते. त्या गाण्याच्या व्हिडिओत फ्लॅश येणार होता, तो आलाच नाही. त्याच्या जागी टर्नटेबलमागे चित्रकार झाँ-मिशेल बास्किया उभा आहे. आणि त्याच वर्षी मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरजवळ क्लॅश या इंग्लिश पंक बँडच्या कार्यक्रमाआधी फ्यूरियस फाइव्ह वाजवायला उभे राहिले, तर गोऱ्या पोरांनी हुर्यो करून पेले फेकले.

मग १९८२. 'द मेसेज'.

ज्यांनी रॅपमधलं काहीच ऐकलं नाही त्यांनीही हे ऐकलेलं असतं. पार्टीचं गाणं नव्हे हे. वस्तीतली घाण, उंदीर, थकलेले हप्ते, तुरुंगात जाणारी पोरं, आणि या सगळ्यावर एक संथ, थंड ठेका. ते लिहिलं एडवर्ड फ्लेचरने, टोपणनाव ड्यूक बूटी. कंपनीच्या वादकांतला तो तालवाद्य वाजवणारा. सिल्व्हियाने ते टोळीला दिलं तर कुणालाच नको होतं. लोक नाचायला येतात, त्यांना त्यांचंच रडगाणं कोण ऐकवणार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात फ्लॅशही होता. शेवटी एकटा मेली मेल तयार झाला. त्याने शेवटचं कडवं आपल्याच १९७९ च्या 'सुपररॅपिन' मधून उचलून लावलं, जन्माला येणाऱ्या मुलाचं. गाण्यात रॅप करणारे आवाज दोनच, मेली मेल आणि ड्यूक बूटी. व्हिडिओत बूटीच्या ओळींवर रहीमने नुसते ओठ हलवलेत. फ्लॅशचं टर्नटेबल त्यात कुठेच नाही.

आणि लेबलवर नाव? ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह.

ते गाणं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, २००२ ची, पन्नास नावांची, त्यात गेलं. हिप हॉपचं तेवढं एकच. आता जगात कुठेही फ्लॅशचं नाव काढलं की लोक हेच गाणं गुणगुणतात, आणि हा माणूस चाळीस वर्षं मान डोलावत उभा.

---

कोल्हापुरी_लवंगी | सोमवार, रात्री ११:०२

दादा, मी स्वतः मराठीत रॅप करतो, वय २१. 'व्हाइट लाइन्स' पण त्याचंच ना? आमच्या ग्रुपात सगळे त्याचंच समजतात.

---

तबकडीवाला | सोमवार, रात्री ११:३०

नाही रे बाबा. तिथेही तेच. १९८३ मध्ये फ्लॅशने पैशाच्या हिशेबावरून शुगर हिलवर दावा लावला. टोळी फुटली. त्याच सुमारास 'व्हाइट लाइन्स' आलं, लेबलवर 'ग्रँडमास्टर अँड मेली मेल'. 'ग्रँडमास्टर' वाचलं की लोकांना फ्लॅशच वाटणार, आणि तो तर कंपनी सोडून गेलेला. त्याचा प्रसिद्ध बास लिक्विड लिक्विड या बँडच्या 'कॅव्हर्न'वरून घेतलेला, त्यावरूनही कोर्टकचेरी झाली. ते गाणं कोकेनविरुद्ध आहे आणि त्या काळात फ्लॅश स्वतः कोकेनमध्ये बुडालेला होता. हे त्याने २००८ च्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय.

त्यानंतर तो, रहीम आणि क्रिओल इलेक्ट्रा कंपनीकडे गेले. तीन-चार अल्बम केले. खरं सांगू? मला ते फारसे आवडत नाहीत. तोवर रन-डीएमसी ही नवी रॅप टोळी आली होती, आवाज बदलला होता. १९८८ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले, १९८९ मध्ये काउबॉय क्रॅकच्या व्यसनापायी गेला. नव्वदीच्या दशकात फ्लॅश टीव्हीवर विनोदवीर ख्रिस रॉकच्या कार्यक्रमाचं संगीत सांभाळत होता.

मान मिळाला तो फार उशिरा. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला हिप हॉपचा पहिला गट हाच. त्यांची ओळख करून द्यायला रॅपर जे-झी उभा होता. २०१९ मध्ये स्वीडनचं पोलर संगीत पारितोषिक. ते १९९८ साली आपल्या पंडित रविशंकरांना मिळालं होतं. हे पारितोषिक टोळीला नाही, त्याला स्वतःला, टर्नटेबलसाठी मिळालं, म्हणून मला ते हॉल ऑफ फेमपेक्षा मोठं वाटतं.

---

अनामिका_७४ | मंगळवार, दुपारी १:१५

ड्यूक बूटीचं काय झालं तेही सांगायला हवं. तो पुढे शिक्षक झाला, जॉर्जियात सव्हानाच्या विद्यापीठात शिकवायचा. २०२१ च्या जानेवारीत गेला. त्याच्या वर्गातल्या किती मुलांना माहीत असेल की समोरचे सर कोण आहेत?

आणि फ्लॅशबद्दल कळवळा असला तरी त्यानेही 'द मेसेज' नको म्हटलं होतं, हे विसरू नका. सिल्व्हिया रॉबिन्सनने पैसे खाल्ले असतील-नसतील, पण त्या गाण्यात काय आहे हे त्या खोलीत ओळखणारी ती एकटी होती.

---

तबकडीवाला | मंगळवार, दुपारी १:४०

हे लागलं. पण खरंय.

---

कोल्हापुरी_लवंगी | मंगळवार, रात्री ९:५०

मी काल रात्री व्हील्स ऑफ स्टील ऐकलं. तीनदा. आम्ही बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, विकत घेतो, नेटवर तयार मिळतात, कुणी बनवली त्याचं नाव बघतही नाही. गाणं वर टाकताना खाली फक्त माझं नाव असतं. आज जाऊन आधीच्या दोन गाण्यांखाली बीटवाल्याचं नाव टाकून आलो. तो हरयाणाचा निघाला. त्याने लगेच मेसेज केला, भाई आजवर कुणी टाकलं नव्हतं.

मराठीत ऐकायचं असेल तर स्वदेशी या मुंबईच्या टोळीतला एमसी मवाली ऐका, त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलावर आहे. 'मेसेज' काय ते तिथे कळेल.

---

स्वरालीची आई | बुधवार, सकाळी ८:३०

मुलीला 'द मेसेज' लावून दाखवलं आणि म्हटलं, यात ग्रँडमास्टर फ्लॅश नाहीये बरं का. ती माझ्याकडे बघतच राहिली. घरातली माझी पत तूर्त वाढली आहे.

नवीन ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

---

तबकडीवाला | बुधवार, सकाळी ९:१५

ताई, आधी १९८३ चा 'वाइल्ड स्टाइल' सिनेमा शोधा. त्यात फ्लॅश एका स्वयंपाकघरात टर्नटेबल मांडून वाजवतोय. ओटा, कपाटं आणि मधोमध हा. काही मिनिटांचंच दृश्य आहे पण हात स्पष्ट दिसतात. ते बघून झालं की मग व्हील्स ऑफ स्टील ऐका. हात पाहिले नसतील तर निम्मं कळत नाही.

---

रेडिओकाका | गुरुवार, संध्याकाळी ७:००

राहवलं नाही. माळ्यावरून फिएस्टा काढली. जमणार नाही हे मीच वर लिहिलंय, तरी. फेल्ट मिळालं नाही, सौ.च्या पेटीतलं जाड कापड गोल कापलं, खळ करून दिली, इस्त्री तिनेच केली, काय चाललंय हे विचारत. कापड खरंच पापडासारखं झालं. नाट्यगीतांची एक आधीच चिरलेली एलपी ठेवली, खडूने खूण केली आणि बोट टेकवलं.

थाळी जागच्या जागी थांबली. मोटर घुमली. जळका वास आला.

आता प्लग काढून ठेवलाय. रविवारी उघडून बघतो.